पोकेमॉनची स्पर्धेसाठी टीम बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतून आल्यावर दप्तर टाकून हिंदीत पोकेमॉन बघणारी आमची पिढी आता नोकरीधंद्याला लागली आहे, आणि तिच्यातले बरेच जण या खेळाकडे परत येताहेत, यावेळी स्पर्धेसाठी. त्यांच्याकडून, आणि माझ्या भाच्याकडून व त्याच्या कॉलेजच्या मित्रांकडून, जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' या गेमच्या, त्यातही डबल्सच्या (म्हणजे मैदानात एका वेळी दोन विरुद्ध दोन पोकेमॉन) हिशेबाने आहेत. कोणते पोकेमॉन चालतात याची नियमावली दर काही महिन्यांनी बदलते, त्यामुळे टीम बांधायच्या आधी ती एकदा डोळ्यांखालून घाला.

माझ्याकडे स्विच (हा गेम ज्यावर चालतो ते निन्टेन्डोचं यंत्र) नाही. तरी खेळता येईल का?

येईल. 'पोकेमॉन शोडाउन' हा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे आणि फोनवरही उघडतो. टीम बिल्डरमध्ये पोकेमॉन निवडायचा, मूव्ह (त्याच्या चाली) टाकायच्या, आकडे भरायचे, की सामना सुरू. रेटिंग १००० पासून चढायला लागतं. खऱ्या गेममध्ये एक पोकेमॉन तयार करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात इथे चार-पाच सामने होतात. ज्यांच्याकडे स्विच आहे त्यांनाही मी हेच सांगतो: आधी शोडाउनवर टीम घासून बघा, पटली तरच गेममध्ये बांधा.

सिंगल्स खेळू की डबल्स?

हे दोन वेगळे खेळ आहेत. सिंगल्समध्ये सहा विरुद्ध सहा आणि मैदानात एकेक. त्याचे सर्वांत प्रचलित नियम आणि ओयू, यूयू या श्रेण्या 'स्मोगन' हा खेळाडूंचा समुदाय ठरवतो, तो २००४ पासून चालू आहे. तिथे सापळे फार महत्त्वाचे: समोर स्टेल्थ रॉक (टोकदार दगडांचा सापळा) पसरलेला असेल तर चारिझार्ड आत पाऊल टाकताच निम्मा एचपी (जीव) गमावतो.

अधिकृत स्पर्धा, म्हणजे व्हीजीसी (व्हिडिओ गेम चॅम्पियनशिप्स), डबल्सची असते. सहा पोकेमॉन घेऊन जायचे, समोरच्याचे सहा बघायचे, ९० सेकंदांत आपले चार निवडायचे. सगळे लेव्हल ५० वर येतात. एकच पोकेमॉन दोनदा चालत नाही, एकच वस्तू दोघांना देता येत नाही. मला डबल्स जास्त आवडतं, कारण त्यात दोन पोकेमॉन एकमेकांसाठी काय करतात हे दिसतं, आणि टीम या शब्दाला खरा अर्थ येतो.

ज्या टीमने मी गेममधल्या चॅम्पियनला हरवलं तीच टीम ऑनलाइन का चालत नाही?

कारण गेममधला चॅम्पियन तुमचा अंदाज घेत नाही, आणि लेव्हल वाढवून त्याच्यावर मात करता येते. इथे लेव्हल सगळ्यांची सारखी आणि समोर विचार करणारा माणूस.

माझ्या भाच्याने पहिली टीम बांधली तेव्हा सहाही पोकेमॉन मारणारे घेतले होते. एका रविवारी सलग सात सामने हरल्यावर फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, सहाच्या सहा टॉपचे आहेत, मग हरतो कसा?" कबड्डीत सातही चढाईपटू घेऊन कोणी मैदानात उतरत नाही. कोपरा धरणारा लागतो, कव्हरवाला लागतो. त्याच्या टीममध्ये कोपरा धरणारं कोणीच नव्हतं. त्याचे दोघे मारायला जायचे, समोरचा एकाने प्रोटेक्ट (त्या टर्नपुरते हल्ले अडवणारी मूव्ह) करून दुसऱ्याने टेलविंड (आपल्या बाजूचा वेग वाढवणारी मूव्ह) लावायचा, आणि पुढच्याच टर्नला भाच्याचे दोन्ही आडवे.

मग पहिला पोकेमॉन कोणता घ्यायचा?

पोकेमॉनच्या आधी बेत ठरवा. 'माझी टीम सामना कशी जिंकते?' याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. पेलिपर पाऊस पाडेल आणि पाण्याचे हल्ले दीडपट होतील, हा एक बेत. ट्रिक रूम लावून सर्वांत मंद पोकेमॉन आधी खेळवायचा, हा दुसरा. टोरकोल उन्हात, ट्रिक रूममध्ये १५० ताकदीचं इरप्शन सोडतो, आणि त्याचा बेस स्पीड (जातीचा मूळ वेग) फक्त २० आहे. एरवी ही खोट, पण या बेतात तोच त्याचा गुण.

भाच्याबरोबर आम्ही बांधलेली दुसरी टीम पायरीपायरीने सांगतो. बेत साधा: टेलविंड लावायचा आणि चार टर्नमध्ये घाव घालायचे. टेलविंड आपल्या बाजूचा वेग दुप्पट करतो, आणि लावलेला टर्न धरून चार टर्न टिकतो. मारणारा म्हणून गारचॉम्प घेतला. टेलविंड लावायला व्हिमसिकॉट, कारण प्रँकस्टर या अंगभूत गुणामुळे त्याच्या स्टेटस मूव्ह (थेट मार न देणाऱ्या मूव्ह) आधी चालतात. सोबतीला इनसिनेरोर: आत येताच इंटिमिडेटने समोरच्या दोघांचा अटॅक एक पायरी उतरवतो, फेक आउटने एकाचा टर्न खातो आणि पार्टिंग शॉट मारून बाहेर पडतो. मग घोल्डेंगो, ज्याच्यावर स्टेटस मूव्ह लागतच नाहीत. मग अमूंगस, रेज पावडरने हल्ले अंगावर ओढायला आणि स्पोरने झोपवायला. सहावा भाच्याचा लाडका ड्रॅगोनाइट.

कागदावर छान दिसत होतं. मग आम्ही एकेका टाइपसमोर (आइस, फायर, वॉटर असे पोकेमॉनचे आणि हल्ल्यांचे प्रकार) सहा नावं लिहून खुणा केल्या आणि आइसच्या रकान्यात थांबलो. गारचॉम्पला आइस चौपट लागतो, ड्रॅगोनाइटला चौपट, व्हिमसिकॉटला दुप्पट, अमूंगसला दुप्पट. सहापैकी चार! समोर आइसचा चिएन-पाओ आला की खेळ संपला.

ड्रॅगोनाइट काढणं भाच्याच्या जिवावर आलं, पण काढला आणि वॉश रोटोम घेतला. त्याला आइस निम्माच लागतो. शिवाय त्याच्याकडे लेव्हिटेट (हवेत तरंगण्याचा गुण) आहे, म्हणून शेजारी उभा असताना गारचॉम्पचा अर्थक्वेक हा ग्राउंड हल्ला त्याला लागत नाही. हा मुद्दा मोठा आहे, कारण डबल्समध्ये अर्थक्वेक आपल्या जोडीदारालाही बसतो, आणि इनसिनेरोर व घोल्डेंगो दोघेही ग्राउंडला कच्चे आहेत. त्यांच्यासोबत खेळताना गारचॉम्पला एकाच शत्रूवर जाणारा स्टॉम्पिंग टँट्रम बरा पडतो. एका बदलाने दोन दुखणी मिटली. टीम बांधताना असेच बदल शोधायचे असतात.

१८ टाइपचा अख्खा तक्ता पाठ असायला हवा का?

हो. घोकायची गरज नाही, खेळता खेळता महिन्याभरात बसतो. सुरुवातीला न लागणाऱ्या जोड्या पाठ करा, कारण तिथे अख्खा टर्न वाया जातो: ग्राउंडला इलेक्ट्रिक, फ्लाइंगला ग्राउंड, घोस्टला नॉर्मल आणि फायटिंग, नॉर्मलला घोस्ट, डार्कला सायकिक, स्टीलला पॉयझन, फेअरीला ड्रॅगन. स्टील तर आणखी दहा टाइप अर्ध्यावर झेलतो, म्हणून जवळपास प्रत्येक चांगल्या टीममध्ये एक तरी स्टील दिसतो.

आयव्ही, ईव्ही, नेचर: हा सगळा काय प्रकार आहे?

आयव्ही म्हणजे जन्मजात गुण, प्रत्येक स्टॅटला (एचपी, अटॅक, स्पीड असा प्रत्येक आकडा) ० ते ३१. ईव्ही म्हणजे मेहनतीचे गुण, एकूण ५१० आणि एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त २५२. नेचर एक स्टॅट १० टक्क्यांनी वाढवतं आणि दुसरा १० टक्क्यांनी घटवतं. २५ नेचरपैकी पाच अशी आहेत की त्यांनी काहीच बदलत नाही.

लेव्हल ५० वर पहिले ४ ईव्ही भरले की १ पॉइंट मिळतो, त्यापुढे दर ८ ईव्हीला १. म्हणून २५२ ईव्हीचे ३२ पॉइंट होतात. अधलेमधले आकडे, म्हणजे १० किंवा १५, भरलेत तर वरचे ईव्ही फुकट जातात. नवख्यांच्या टीममध्ये ही चूक मला सर्रास दिसते.

हे आकडे महत्त्वाचे का, ते गारचॉम्पवरूनच बघा. त्याचा बेस स्पीड १०२. पूर्ण ईव्ही आणि जॉली नेचर दिलं तर लेव्हल ५० वर वेग १६९ होतो. सॅलामेन्सचा बेस १००, त्याचा कमाल वेग १६७. दोन पॉइंटांचा फरक, पण त्यामुळे गारचॉम्प कायम आधी मारतो, आणि दोघेही एकमेकांच्या ड्रॅगन हल्ल्याला कच्चे असल्याने आधी मारणाराच बहुधा उरतो. आता तुम्ही अटॅकच्या लोभाने अॅडमंट नेचर घेतलंत तर गारचॉम्प १५४ वर येतो. सॅलामेन्स तर पुढे गेलाच, पण बेस ९० चा लुकारियोसुद्धा १५६ वर पोचून आधी खेळतो. टेलविंडचा बेत असेल तर अॅडमंट चालून जातं, कारण दुप्पट झाल्यावर १५४ चे ३०८ होतात. म्हणजे नेचरसुद्धा बेतावरूनच ठरतं.

दोन बारीक गोष्टी. ट्रिक रूमच्या मंद पोकेमॉनचा स्पीड आयव्ही शून्य ठेवा. आणि जे फक्त स्पेशल हल्ले (अटॅकचा आकडा न वापरणारे) करतात त्यांचा अटॅक आयव्हीही शून्य ठेवा, म्हणजे आपल्याच अटॅकवरून ठरणारा फाउल प्ले आणि कन्फ्युजनचा मार कमी बसतो.

गेममध्ये हे आकडे बदलायचे कसे? पुन्हा नवीन पकडायचा का?

गरज नाही. बॉटल कॅप देऊन लेव्हल ५० पासून आयव्ही कमाल करून घेता येतात, मिंट देऊन नेचरचा परिणाम बदलतो. ईव्हीसाठी व्हिटॅमिन: एकाने १० वाढतात, म्हणजे २५२ साठी २६ लागतात. दुकानात एकाची किंमत १०,००० आहे, तेव्हा दोन स्टॅट भरायला ५,२०,००० मोजावे लागतात. टेरा टाइप (सामन्यात एकदा पोकेमॉन जो टाइप धारण करू शकतो तो) बदलायला त्या टाइपचे ५० टेरा शार्ड लागतात. एवढा खर्च चुकीच्या पोकेमॉनवर होऊ नये म्हणून तर आधी शोडाउन.

डॅमेज कॅलक्युलेटर (कोणता हल्ला किती लागेल हे सांगणारं साधन) खरंच लागतो का? अंदाजाने नाही चालणार?

माझ्या मते टीम बांधणाऱ्याचं हेच पहिलं हत्यार आहे. आमच्याच टीममधला इनसिनेरोर घ्या. समोर अॅडमंट गारचॉम्प आहे, अटॅक पूर्ण भरलेला, म्हणजे २००, आणि तो अर्थक्वेक मारतोय. आपल्या इनसिनेरोरच्या एचपीत एकही ईव्ही नाही, म्हणजे एचपी १७०, डिफेन्स ११०. गेम प्रत्येक हल्ल्याला ८५ ते १०० टक्क्यांमधल्या १६ शक्यतांपैकी एक लावतो. इथे मार बसतो १५२ ते १८२. सोळापैकी सात वेळा इनसिनेरोर त्या एकाच घावात जातो.

आता एचपीत २५२ ईव्ही घाला. एचपी होतो २०२. तोच हल्ला, आणि तो कधीच एका घावात जात नाही. आणि तुमचा इंटिमिडेट आधी लागला असेल तर मार उतरून १०२ ते १२२ वर येतो, म्हणजे इनसिनेरोर साधारण निम्म्या एचपीवर उभा राहून पार्टिंग शॉट मारून सुखरूप बाहेर.

हे गणित माझ्या भाच्याने पहिल्यांदा स्वतः केलं तेव्हा तो दहा मिनिटं नुसते आकडे बदलत बसला होता. त्या दिवसापासून त्याने 'वाचेल बहुतेक' म्हणणं सोडलं. वाचेल की नाही हे सामन्याआधी कळू शकतं, तर ते कळून घ्यावं.

चार मूव्ह कशा निवडायच्या?

प्रत्येक मूव्हसमोर एका शत्रूचं नाव किंवा एक प्रसंग लिहा. लिहिता आलं नाही तर ती मूव्ह काढा. आपल्याच टाइपचा हल्ला दीडपट लागतो, म्हणून तो एक तरी हवा. डबल्समध्ये दोघांवर जाणाऱ्या हल्ल्याची ताकद ७५ टक्के होते, हे विसरू नका. प्रोटेक्ट बहुतेकांकडे असावं. पहिल्या दिवशी ते निरर्थक वाटतं, 'काहीच न करणारी मूव्ह' असं. पण जोडीदाराला एक मोकळा टर्न मिळवून देणं हे काही न करणं नव्हे.

अचूकतेबद्दल माझं मत ठाम आहे. स्टोन एज आणि हायड्रो पंप ८० टक्के लागतात. दोनदा लागायलाच हवा असा प्रसंग आला तर खात्री ६४ टक्क्यांवर येते. फोकस ब्लास्ट ७० टक्के. फ्लेमथ्रोअर ९० ताकदीचा असला तरी चुकत नाही, फायर ब्लास्ट ८५ टक्केच लागतो. कॅलक्युलेटरमध्ये कमी ताकदीनेही शत्रू पडत असेल तर जास्त ताकद घेऊन धोका का पत्करायचा?

कोणाला कोणती वस्तू द्यायची?

एकच वस्तू दोनदा नाही, त्यामुळे वाटणी करावीच लागते. नाजूक आणि कामाच्या पोकेमॉनला फोकस सॅश (एचपी पूर्ण असताना एका घावात पडू देत नाही; आमच्या टीममध्ये व्हिमसिकॉटला), झेलणाऱ्याला एचपी भरून देणारी सिट्रस बेरी किंवा लेफ्टओव्हर्स, मारणाऱ्याला लाइफ ऑर्ब. लाइफ ऑर्बने मार १.३ पट होतो, पण प्रत्येक हल्ल्यामागे आपला १० टक्के एचपी जातो. चॉइस स्कार्फ वेग दीडपट करतो आणि एकाच मूव्हला बांधून ठेवतो. असॉल्ट व्हेस्ट घातला की स्टेटस मूव्ह निवडता येत नाहीत, प्रोटेक्टसुद्धा नाही.

टेरा टाइप कसा ठरवू?

एका सामन्यात एकदाच आणि एकाच पोकेमॉनला, म्हणून जपून. दोन रस्ते आहेत. बचावासाठी: गारचॉम्पला स्टील टेरा दिला की चौपट लागणारा आइस अर्ध्यावर येतो, आणि त्याचे ग्राउंड-ड्रॅगन हल्ले पूर्वीसारखेच दीडपट राहतात. किंवा माऱ्यासाठी: स्वतःच्याच टाइपचा टेरा घेतला की त्या टाइपचा हल्ला दुप्पट लागतो. टीममध्ये दोघा-तिघांचे टेरा बचावाचे ठेवावेत असं मी सुचवेन. हरता हरता वाचलेले माझे बहुतेक सामने बचावाच्या टेरामुळेच वाचले आहेत.

दुसऱ्याची टीम जशीच्या तशी उचलणं चूक आहे का?

मुळीच नाही. गेममध्ये रेंटल कोडने टीम उसनी घेण्याची सोयच आहे. नवख्याने जिंकलेली एखादी टीम घेऊन पन्नास सामने खेळावेत आणि प्रत्येक विचित्र वाटणाऱ्या आकड्याचं कारण शोधावं. कोणी स्पीडमध्ये ४४ ईव्ही ठेवले असतील तर तो कोणाच्या पुढे जाण्यासाठी आहे? ते शोधताना जे कळतं ते वाचून कळत नाही. नक्कल करून कारण न शोधणं मात्र निरुपयोगी, कारण नियमावली बदलली की हातात काहीच उरत नाही.

माझा आवडता पोकेमॉन कमकुवत आहे. त्याला टीममध्ये जागा आहे का?

काम असेल तर आहे. २०१४ ची जागतिक स्पर्धा वॉशिंग्टन डीसीला झाली. ती दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने जिंकली, आणि त्याच्या टीममध्ये पाचिरिसू होता. बेस अटॅक ४५, बेस एचपी ६०. अशी विजेची खार जागतिक अंतिम फेरीत दिसेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

पण तिथे लाडापेक्षा हिशेब होता. टीममध्ये गॅराडोस होता, आणि गॅराडोसला वीज चौपट लागते. पाचिरिसू फॉलो मीने हल्ले स्वतःकडे ओढायचा. आलेला हल्ला विजेचा असला तर व्होल्ट अॅब्झॉर्बमुळे त्याचा एचपी उलट वाढायचा. सुपर फँग समोरच्याचा उरलेला एचपी निम्मा करतो, त्यात स्वतःचा अटॅक किती हा प्रश्नच येत नाही. नझलने लकवा, आणि चौथी मूव्ह प्रोटेक्ट. चारही मूव्हना कमी अटॅकची अडचण नाही. मला हा संघ अजूनही सर्वांत सुंदर वाटतो. तुमच्या लाडक्यालाही असंच विचारा: तुझ्याशिवाय हे काम दुसरा कोणी करू शकतो का? 'नाही' उत्तर आलं तर बिनधास्त घ्या.

भाच्याचा ड्रॅगोनाइट पुढे परत आला, पण दुसऱ्या टीममध्ये, जिथे आइसला कच्चा असा तो एकटाच होता.

प्रोग्रॅमने तयार केलेले पोकेमॉन वापरले तर कळतं का?

कळू शकतं, आणि नियमात ते बसत नाही. २०२३ मध्ये योकोहामाला झालेल्या जागतिक स्पर्धेत याच तपासणीत काही खेळाडू बाद झाले. वर्षभराची मेहनत अशी घालवू नका.

सतत हरतोय. टीम बदलू का?

लगेच नको. शोडाउनवर प्रत्येक सामन्याचा रिप्ले जतन करता येतो. हरलेले दहा रिप्ले बघा आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: निवड, खेळ किंवा टीम. चुकीचे चार आत नेले, तर निवड. प्रोटेक्ट करायचं तिथे मारलं, तर खेळ. काहीही केलं असतं तरी त्या पोकेमॉनला उत्तर नव्हतं, तर टीम. दहांतले चार-पाच 'टीम' निघाले आणि त्यांत एकाच शत्रूचं नाव आलं तर एक पोकेमॉन बदला. एकच. दोन बदललेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

नशिबाचा भाग असतोच. क्रिटिकल हिट २४ पैकी एकदा बसतो आणि मार दीडपट होतो. एका सामन्यात तो जिवावर येतो, शंभर सामन्यांत दोन्ही बाजू सारख्या होतात. म्हणून मी दहांच्या खाली रिप्ले मोजतच नाही.

९० सेकंदांत नक्की काय बघायचं? मी गोंधळून जातो.

समोरचे सहा दिसताच पहिल्यांदा शोधा की त्यांचा वेगाचा बेत कोणता: टेलविंड कोण लावेल, ट्रिक रूम कोण लावेल. मग फेक आउट कोणाकडे आहे, कारण तुमचा पहिला टर्न तोच खाणार. मग आपल्या मारणाऱ्याला एका घावात कोण पाडतो. या तिघांची नावं मिळाली की त्यांच्याविरुद्ध उभे राहणारे आपले दोघे आत न्या आणि घाव घालणारा मागे ठेवा. अधिकृत स्पर्धेत समोरच्याच्या मूव्ह आणि वस्तूंचा कागदही हातात असतो. तो आधी वाचा, पोकेमॉनची चित्रं नंतर. सामना सुरू झाल्यावर दर टर्नला ४५ सेकंद मिळतात आणि आपला एकूण वेळ ७ मिनिटं असतो, त्यामुळे पहिल्या दोन टर्नचा विचार या ९० सेकंदांतच उरकलेला बरा. भाचा अजूनही ती तीन नावं कागदाच्या तुकड्यावर लिहितो आणि पडलेल्या नावावर काट मारतो.